केमो चालू असताना प्लेटलेट्स पडणे : अनुभव, माहिती हवी आहे

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आईला (वय ६३) ओव्हरीचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन आणि केमो होऊन ती चांगली सावरली होती. आता तो परत आलाय. आम्ही कराडचे, उपचार पुण्यात. या वेळी कार्बोप्लॅटिन आणि जेमसिटाबीन अशी जोडी आहे. सायकल २१ दिवसांची. पहिल्या दिवशी दोन्ही औषधं, आठव्या दिवशी नुसती जेमसिटाबीन.

पहिली सायकल ठीक गेली. दुसरीच्या आठव्या दिवशी प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) ६८ हजार निघाल्या म्हणून डोस दिलाच नाही. आता तिसरी सुरू व्हायची तर ५४ हजार. आईने सकाळी लवकर उठून डबा भरून घेतलेला, गाडी करून गेलो आणि डे केअरच्या काउंटरवरूनच परत. "आठवड्याने सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून या."

डॉक्टर म्हणाले, हे अपेक्षितच आहे, तुम्ही काही करू नका. पण हे 'काही करू नका' घरात कुणाच्या पचनी पडत नाहीये. मामा किवीची खोकी घेऊन आलेत, शेजारच्या काकूंनी पपईची पानं पाठवलीत. मला पडलेले प्रश्न असे : मागच्या वेळी पांढऱ्या पेशी कमी झाल्या तेव्हा पोटात इंजेक्शनं दिली होती, तशी प्लेटलेटसाठी का देत नाहीत? बाहेरून चढवत का नाहीत? आणि केमो लांबली की गाठ वाढणार, ही धास्ती आईने घेतलीय. तिला काय सांगू? या वाटेवरून गेलेल्यांनी कृपया लिहा.

पाटलीणबाई

काळजी करू नका, होईल सगळं नीट. माझ्या दिरांना डेंग्यू झाला तेव्हा प्लेटलेट १८ हजारांवर आल्या होत्या. पपईच्या पानांचा रस दोन चमचे सकाळ-संध्याकाळ, शेळीचं दूध आणि गुळवेल. चौथ्या दिवशी लाखाच्या वर! डॉक्टरसुद्धा बघत राहिले. स्वानुभव आहे म्हणून सांगते.

गवतीचहा

पाटलीणबाई, तुमच्या दिरांना आराम पडला हे चांगलंच झालं, पण डेंग्यूत प्लेटलेट आपल्या आपणच वर येतात. ताप उतरला की दोन-तीन दिवसांत काउंट फिरतो. त्या दिवसांत पपई दिली की श्रेय पपईला, किवी दिलं की किवीला. पावसाळ्यात किवीचा भाव बघा, मग कळेल श्रेय कोण खातंय ते.

केमोतलं कारणच वेगळं. डेंग्यूत विषाणूचा आणि शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराचा मारा असतो, इथे औषधाने अस्थिमज्जेतला, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातला, पेशी बनवणारा कारखाना मंदावलेला असतो. पानांच्या रसाने तो सुरू होतो याला भरवशाचा पुरावा नाही.

पाटलीणबाई

नैसर्गिक आहे, नुकसान तर नाही ना?

गवतीचहा

गुळवेलीबद्दल तसं म्हणता येत नाही. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या ६ जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला, ते सगळं मान्य. पण केमोच्या प्रत्येक सायकलआधी लिव्हरचे आकडे बघतात, ते बिघडले तर ती सायकल त्या कारणाने लांबते. आणि शेळीचं दूध कच्चं प्यायला सांगतात लोक. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चं दूध म्हणजे ब्रुसेलासारख्या जंतूंना आमंत्रण. प्यायचंच असेल तर उकळून, आवडतं म्हणून प्यावं.

आरती_ठाणे

कृष्णाकाठ, मी या वाटेवरून गेलेय. जरा मोठं लिहिते.

माझ्या नवऱ्याला ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) होता, त्यातला एपीएल म्हणतात तो प्रकार. परळला राहून उपचार केले. त्या महिन्यांत मी प्लेटलेट या शब्दावर जगले. तिथे एक गोष्ट लवकर शिकले, ती आधी सांगते : कुठल्या आकड्याला घाबरायचं हे आजारावर ठरतं. यांच्या सुरुवातीच्या दिवसांत काउंट ३० ते ५० हजारांच्या खाली जाऊ द्यायचा नाही म्हणून रोज पिशव्या लागायच्या, कारण एपीएलमध्ये रक्त गोठण्याची सगळी यंत्रणाच बिघडलेली असते. शेजारच्या खाटेवरच्या पोराला दुसऱ्या प्रकारचा ल्युकेमिया होता, त्याला १२ हजारांवर नुसतं बघत बसायचे. त्याची आई रोज भांडायची, "यांना देता, माझ्या पोराला का नाही?" सिस्टर समजावून थकल्या.

रक्तस्राव नसेल, ताप नसेल, तर १० हजारांच्या खाली गेल्यावर चढवतात हा साधारण नियम. ताप किंवा इन्फेक्शन असेल तर थोडं आधी. सुई-कात्रीचं काही काम असेल तर ५० हजार लागतात, मेंदू-डोळ्याच्या ऑपरेशनला १ लाख. म्हणजे तुमच्या आईचे ५४ हजार हे चढवायच्या जवळपाससुद्धा नाहीत. केमो द्यायला कमी आहेत, एवढंच. या दोन रेषा वेगळ्या आहेत आणि घरचे त्या एकच समजतात. आमच्याकडेही तेच झालं होतं.

आता घरातलं. ब्रश लहान मुलांचा मऊ घ्या. नाक जोरात शिंकरायचं नाही. विळीवर बसू देऊ नका, सुरी चालेल, तीही दुसऱ्या कुणी हातात घेतली तर बरं. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, कुंथणं वाईट. इसबगोल किंवा सिरप डॉक्टरांना विचारून द्या, पण एनिमा किंवा बुडातून घालायच्या गोळ्या अजिबात नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गावातल्या डॉक्टरांना बजावून ठेवा : कमरेत इंजेक्शन नको. आपल्याकडे जरा अंग दुखलं की कमरेत सुई टोचतात. काउंट कमी असताना स्नायूत रक्त साकळतं.

रोज अंघोळीनंतर नडग्या आणि पावलं बघायची. टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, बोटाने दाबले तरी फिके न होणारे, दिसले तर फोन करायचा. यांना पहिल्यांदा ते पायमोज्याच्या इलॅस्टिकच्या रेषेवर आले होते, आम्हाला वाटलं घामोळं.

कृष्णाकाठ

आरतीताई, दोन रेषांचं हे कुणी सांगितलंच नव्हतं. बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

बाबा प्रत्येक रिपोर्टचा आकडा एका वहीत लिहितात, त्यावरून आठवलं. कराडच्या लॅबने काल परत तपासलं. पुण्याचा रिपोर्ट ५४,००० असा असतो. यांनी लिहिलंय ०.६१ लाख. बाबांनी ते ०.६१ वाचलं आणि घामाघूम झाले. मग लंडनहून भावाने विचारलं, "इथे तर १५० ते ४०० नॉर्मल असतं, आईचे किती?" मी म्हटलं ६१ हजार. तो म्हणाला, तीन शून्यं कुठून आली?

लॅबवाला_नागपूर

हा घोळ रोजचा आहे. ६१,०००, ०.६१ लाख, ६१ गुणिले दहाचा घन, हे तिन्ही एकच, एक मायक्रोलिटर रक्तातले. तुमच्या भावाकडे एक लिटरमागे मोजतात आणि दहाचा नववा घात बाजूला लिहून टाकतात, म्हणून नुसते ६१ उरतात. आपलं नॉर्मल दीड लाख ते साडेचार लाख.

अजून एक. ५४ आणि ६१ मध्ये खूश होण्यासारखं किंवा रडण्यासारखं काही नाही, मशीन बदललं की एवढा फरक पडतोच. शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. आणि काउंट अचानक, काही लक्षण नसताना, फारच खाली दाखवला तर रिपोर्टच्या तळाशी 'क्लम्प्स' असं काही लिहिलंय का बघा. जांभळ्या बुचाच्या नळीत ईडीटीए असतं, रक्त गोठू नये म्हणून घातलेलं रसायन. काही जणांच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या गठ्ठ्याला प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. मग निळ्या बुचाच्या, सायट्रेटच्या नळीत परत रक्त घ्यायचं आणि काचपट्टीवर डोळ्यांनी बघायचं. आमच्याकडे एक गृहस्थ २० हजारांचा रिपोर्ट घेऊन रडकुंडीला आले होते, निळ्या नळीत निघाले १ लाख ८० हजार. तुमच्या आईच्या बाबतीत कारण सरळ दिसतंय, पण माहीत असू द्या.

स्टेथो

मी फिजिशियन आहे, कॅन्सरतज्ज्ञ नाही. तेव्हा हे सर्वसाधारण समजावं, निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

इंजेक्शनचा प्रश्न चांगला विचारलात. पोटात दिलेलं ते फिलग्रास्टिम गटातलं असणार. ते पांढऱ्या पेशी वाढवतं, प्लेटलेटला त्याचा उपयोग नाही. प्लेटलेट वाढवणारी औषधं आहेत, रोमिप्लोस्टिमचं इंजेक्शन किंवा एल्ट्रोम्बोपॅगच्या गोळ्या. त्यांचा मुख्य वापर आयटीपीसारख्या आजारांत, जिथे शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारतं. केमोत ती सरसकट देत नाहीत. कॅन्सरच्या रुग्णाला रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मुळात जास्त असतो, तिथे प्लेटलेट वाढवायचं औषध जपूनच द्यावं लागतं. काउंट वारंवार पडून उपचारच अडकत असतील तर काही तज्ज्ञ रोमिप्लोस्टिमचा विचार करतात. विचारायला हरकत नाही, हट्ट धरू नका.

बाहेरून का चढवत नाहीत? चढवलेल्या प्लेटलेट फार तर तीन-चार दिवस टिकतात. काउंट लाखावर 'दाखवून' केमो दिली तर अस्थिमज्जा तिथेच, दमलेली. केमोनंतर काउंट अजून खाली जाणार, आणि या वेळी खोल.

कार्बोप्लॅटिन हे मुळात प्लेटलेट पाडण्यासाठीच ओळखलं जातं. त्याचा तळ बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो, म्हणजे नेमका पुढची सायकल द्यायच्या वेळी. जोडीला जेमसिटाबीन, तीही त्याच वाटेची. या जोडीत पहिल्या दिवशी १ लाख हवेत. आठव्या दिवशी ७५ हजार ते १ लाखाच्या मधे असतील तर जेमसिटाबीन साधारण अर्धी देतात आणि ७५ च्या खाली ती वगळतात. ६८ ला डोस दिला नाही तो याच हिशोबाने.

आईंना सांगा, आठवडाभराने सायकल पुढे गेली म्हणजे उपचार थांबले असं नव्हे. आधीच्या डोसचं काम चालूच असतं. पुढच्या वेळी कार्बोप्लॅटिनचा डोस थोडा उतरवतील. तो डोस किडनी किती काम करते यावरून बेतलेला असतो, त्यामुळे क्रिएटिनिनचा रिपोर्टही ताजा ठेवा. आणि ब्रूफेन, कॉम्बिफ्लॅम, व्होव्हेरान, ॲस्पिरिन घरातून बाहेर काढा. ॲस्पिरिनची एक गोळी त्या वेळच्या प्लेटलेटना त्यांच्या उरलेल्या आयुष्यभरासाठी निकामी करते, ते आयुष्य ७ ते १० दिवसांचं. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र परस्पर बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना विचारा. पॅरासिटामॉल चालतं, पण आधी ताप मोजा. १०० पूर्णांक ४ फॅरनहाइट किंवा वर असेल तर गोळी देऊन वाट बघायची नाही, हॉस्पिटल गाठायचं.

टवाळ_तात्या

डॉक्टरसाहेब, दंडवत. फी कुठे जमा करू?

रक्तपेढी_मित्र

उशिरा आलो. अठरा वर्षं रक्तपेढीत काढली, तेव्हा थोडी भर. आत्ता गरज नाही हे बरोबरच, पण लागलीच तर रात्री अकरा वाजता शोधाशोध नको म्हणून आधी वाचून ठेवा.

पिशव्या दोन तऱ्हेच्या. नेहमीच्या रक्तदानातून निघते ती आरडीपी, छोटी. एका पिशवीने मोठ्या माणसाचा काउंट ५ ते १० हजारांनी वाढतो, म्हणून एका वेळी चार-सहा द्याव्या लागतात. दुसरी एसडीपी. एकाच दात्याला मशीनवर बसवून फक्त प्लेटलेट काढतात, बाकी रक्त परत अंगात. तीत किमान ३०,००० कोटी प्लेटलेट असतात, वाढ ३० ते ५० हजार. वारंवार लागणार असेल तर एसडीपी बरी, कमी माणसांचं रक्त अंगात जातं.

एसडीपीचा दाता : वय १८ ते ६०, वजन ५० किलोच्या वर, स्वतःच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर, हिमोग्लोबिन साडेबारा, तीन दिवसांत ॲस्पिरिन नाही, आणि कोपराच्या शिरा ठसठशीत. या शेवटच्या अटीवर निम्मे गडी बाद होतात, तेव्हा दहा नावं लिहून ठेवा. दीड-दोन तास लागतात. ओठांना मुंग्या येतात, तो सायट्रेटमुळे कॅल्शियम उतरल्याचा परिणाम, चघळायला कॅल्शियमची गोळी देतो. ४८ तासांनी तोच माणूस पुन्हा देऊ शकतो, आठवड्यात जास्तीत जास्त दोनदा, वर्षात २४ वेळा.

आता एक दृश्य सांगतो, ते मी दर पावसाळ्यात बघतो. नातेवाईक थर्मासचा डबा घेऊन येतात, खाली बर्फ भरलेला. लाल रक्त तसं नेलेलं असतं ना, म्हणून. प्लेटलेट बर्फात घालायच्या नाहीत! आमच्याकडे त्या २० ते २४ अंशांना, सतत हलणाऱ्या ट्रेवर असतात, आणि पाचच दिवस टिकतात. गारठल्या की त्यांचा आकार बदलतो आणि शरीरात गेल्यावर त्या झटपट बाहेर काढल्या जातात. पिशवी पिवळसर दिसते, उजेडासमोर धरून हलवली तर आत धुरासारखे भोवरे फिरताना दिसतात. तशी दिसली की माल जिवंत. कापडी पिशवीत घालून सरळ वॉर्डात न्या आणि सिस्टरच्या हातात द्या. वॉर्डच्या फ्रिजमध्ये ठेवू देऊ नका. लगेच लावायची, अर्ध्या-पाऊण तासात संपवायची.

कृष्णाकाठ

मोठं काम केलंत. एक विचारतो. चुलतभावाने व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं, तर एकाचा फोन आला, "एसडीपी देतो, येण्याजाण्याचे आणि दिवस बुडाल्याचे पाच हजार द्या." घ्यायचं का? आणि मी स्वतः मुलगा, गट एकच, मीच दिल्या तर सगळ्यात उत्तम ना?

रक्तपेढी_मित्र

पैसे घेणाऱ्याला सरळ नकार. सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदानावर देशभर बंदी आहे. पैशासाठी येणारा माणूस आजार लपवतो, कारण हे एवढंच. रक्तपेढीचा प्रक्रिया खर्च वेगळा, त्याची पावती मिळते. साठा कुठे आहे ते ई-रक्तकोषवर बघता येतं, पण निघण्याआधी फोन करा, प्लेटलेटचा साठा तासातासाला हलतो.

मुलाबद्दल : भावना समजते, पण सख्ख्या नात्यातलं रक्त उत्तम हा समज उलटा आहे. जवळच्या नात्यात दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत. त्या तिथे तगतात आणि रुग्णावरच हल्ला करू शकतात. क्वचित होतं, पण झालं तर जीवघेणं. म्हणून नातेवाईकाची पिशवी विकिरण करूनच (किरणांनी त्या पांढऱ्या पेशी निकामी करून) देतात, आणि ती सोय सगळीकडे नाही. तुम्ही दुसऱ्या कुणासाठी द्या, तुमच्या आईसाठी दुसऱ्या कुणाच्या घ्या.

आरती_ठाणे

+१. आमच्याकडे बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा (अस्थिमज्जा बदलण्याचा) विषय निघाला होता, तेव्हा भावंडांना तर पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की रक्त द्यायचं नाही.

अजून एक, पिशवी चढवल्यावर तासाभराने काउंट करायला सांगा. यांना पुढेपुढे कितीही दिल्या तरी आकडा हलत नव्हता. तासाभराचाही काउंट वाढलेला नसेल तर शरीराने प्रतिपिंडं तयार केलेली असू शकतात, मग जुळणारा दाता शोधावा लागतो. तासाने वाढून दुसऱ्या दिवशी पडत असेल तर ताप, इन्फेक्शन, मोठी प्लीहा यांपैकी कुणीतरी खातंय. हा फरक कळायला आम्हाला एक सीनियर रेसिडेंट भेटावी लागली. त्याआधी नुसतं "पेशंटला लागत नाहीयेत" एवढंच ऐकत होतो.

पाटलीणबाई

मी वाचतेय सगळं. दिरांच्या पपईबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण केमोचं वेगळं असतं हे कळलं. कृष्णाकाठ, आईंना तोंडाला चव नसेल तर मुगाचं कढण द्या, सुंठ-तूप घालून. औषध म्हणून नाही सांगत.

कृष्णाकाठ

अपडेट. आज ९८ हजार निघाल्या. मला वाटलं दोन हजारांसाठी परत पाठवणार, पण डॉक्टरांनी काउंटचा कल वर आहे बघून कार्बोप्लॅटिन कमी करून सायकल दिली. आठव्या दिवसाचं तेव्हा बघू म्हणाले. मी रोमिप्लोस्टिमचं विचारलं. म्हणाले, अजून दोनदा असं झालं तर बोलू, आत्ता नाही. आपातकालीन नंबर मागितला, तो फाइलवर लिहून दिला. कोणत्या लक्षणांना फोन करायचा आणि कोणत्या लक्षणांना थेट निघायचं तेही विचारलं. काळी शी, न थांबणारा घोळणा, अचानक जोराचं डोकं दुखून उलटी : थेट निघायचं, कराडमधल्याच मोठ्या हॉस्पिटलात, पुण्याची वाट धरायची नाही.

बाबांच्या वहीत आता तीन रकाने आहेत : तारीख, आकडा, लॅबचं नाव.

किवी आम्हीच खातोय.

मध्यमा

धागा वाचनमात्र होते, खूप शिकायला मिळालं. माझ्या काकांना एमडीआर टीबीची (नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीची) औषधं चालू आहेत, त्यांच्याही प्लेटलेट ८० हजारांवर आल्यात. तिथेही केमोसारखंच समजायचं का? रिपोर्ट जोडतेय.

स्टेथो

नाही. औषधांत लिनेझोलिड असेल तर संशय त्याच्यावर जातो, ते अस्थिमज्जा दाबतं. डोस उतरवायचा की काही दिवस थांबवायचं हे टीबीच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, स्वतःहून एक गोळीही चुकवू नका. उद्याच केंद्रावर जाऊन हा रिपोर्ट दाखवा. वेगळा धागा काढलात तर बरं, उत्तरं सापडतील. आणि तो फोटो आधी काढून टाका, त्यावर काकांचं नाव आणि मोबाइल नंबर दिसतोय.